निदानाचं फेरलेखापरीक्षण

खान्देशात नुसता आजार होऊन भागत नाही; तो गावाला मंजूर व्हावा लागतो. शुगर मंजूर आहे. बीपी मंजूर आहे. गुडघे तर पन्नाशीनंतर सक्तीचेच. मुतखडा झाला तर निम्मा जळगाव जिल्हा आपापला मुतखडा आठवून सांगतो आणि कुणाचा किती मिलिमीटरचा होता यावर वाद रंगतो. पण चांगल्या मिशीवाल्या, दोन पोरांच्या बापाने 'मला ऑटिझम आहे' असं म्हटलं, की समोरचा आधी मागे वळून बघतो, कोणी ऐकलं तर नाही ना, आणि मग हळूच विचारतो, "काय भो, सकाळी सकाळी?"

गावाचं सोडा. मला स्वतःलाच ते मंजूर होत नाही. मी सहकारी संस्थांचा लेखापरीक्षक. पतसंस्था, विकासो, फ्रूटसेल सोसायट्या यांची दप्तरं तपासत माझं आयुष्य गेलं. समोर आलेला प्रत्येक कागद खोटा आहे असं धरून चालायचं आणि खरा निघाला की थोडं नाराज व्हायचं, हा आमचा शिरस्ता. त्यामुळे पुण्याच्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी 'ऑटिझम स्पेक्ट्रम, स्तर १' असा अहवाल हातात ठेवला, तेव्हा मी आधी पानं मोजली, मग सही-शिक्का पाहिला, मग गुणांच्या बेरजा केल्या. बेरजा पहिल्या फटक्यात जुळल्या. संशय तिथूनच सुरू झाला. पहिल्या फटक्यात जुळणारी बेरीज मी चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत एकाही संस्थेत पाहिलेली नाही.

हे सगळं सुरू झालं धुळ्याच्या भाच्यापासून. ताई देवपुरात राहते. तिच्या मुलाला पंख्यांचा नाद आहे, छताच्या पंख्यांचा. कुठल्याही घरात शिरला की तो आधी वर बघतो आणि मग यजमानांना पात्यांचा घेर सांगतो, बाराशे मिलिमीटर की चौदाशे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा अख्खं गाव पंख्याकडेच डोळे लावून बसलेलं असतं, म्हणून बरीच वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शाळेच्या बाईंना वाटलं. मग नाशिकच्या चकरा झाल्या, निदान झालं, आणि प्रमाणपत्रासाठी ४० विधानांचा एक तक्ता घरात आला. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने आपल्या देशासाठी बनवलेला हा तक्ता. नजरेला नजर देत नाही, एकाच विषयावर बोलत राहतो, बदल झाला की बिथरतो, अशी एकेक ओळ ताई मोठ्याने वाचायची. आणि वाचून झालं की भाच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायची. विसाव्या ओळीच्या आसपास तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "बापू, तू पण एकदा दाखवून ये."

त्या तक्त्याबद्दलच माझा पहिला आक्षेप आहे. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. 'क्वचित' असेल तर १, 'नेहमी' असेल तर ५. एकूण ७० च्या आत असेल तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. वाचायला सुटसुटीत. पण यात शून्याची सोयच नाही! म्हणजे जगातला सगळ्यात मनमिळाऊ माणूस, अगदी आमच्या वॉर्डाचा नगरसेवक आणून बसवला, तरी त्याच्या नावावर ४० गुण जमा. ही आरंभीची शिल्लक आली कुठून? मी हे मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजवर हे कुणी विचारलं नव्हतं." आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

मोठ्या माणसांसाठी वेगळी प्रश्नावली असते. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली काढलेली, ५० विधानांची. ३२ किंवा अधिक गुण पडले तर पुढे नीट तपासणी करावी असं तिचं सांगणं. निदान तेवढ्यावर करत नाहीत. इथे 'पूर्ण सहमत' आणि 'थोडा सहमत' या दोघांनाही एकच गुण. ज्याने पूर्ण हप्ता भरला आणि ज्याने अर्धा भरला ते दोघे एकाच रकान्यात, हे माझ्या गळी उतरेना. त्यात एक विधान गाड्यांच्या नंबरप्लेटकडे लक्ष जाण्याबद्दल. अहो, जळगाव-धुळे रस्त्यावर ज्याचं लक्ष नंबरप्लेटकडे जात नाही असा एक माणूस दाखवा! एमएच १९ म्हणजे आपला, १८ म्हणजे धुळ्याचा पाहुणा, ३९ म्हणजे नंदुरबारहून निघालेला, आणि १२ असेल तर वाट चुकलेला पुणेकर. त्याला एरंडोलपर्यंत सोबत द्यायची. हा ऑटिझम नव्हे, हा शेजारधर्म.

दुसऱ्या एका विधानात पार्टीपेक्षा वाचनालयात जायला आवडेल का, असं आहे. आता आमच्याकडे पार्टी म्हणजे भरीत पार्टी. थंडीचे दिवस, कुणाचं तरी शेत, काट्याकुट्यांचा जाळ, त्यात भाजलेली जळगावची हिरवी वांगी, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वर कळण्याची भाकरी. ही सोडून कोण वाचनालयात जाईल? मी ठणकावून 'पार्टी' लिहिलं. मॅडमनी विचारलं, "तिथे तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "वांगी भाजतो." "पूर्ण वेळ?" "हो. जाळाजवळ बसलेल्या माणसाला कुणी बोलायला लावत नाही. धुराने डोळे चुरचुरतात, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत बघायचाही प्रश्न येत नाही." त्यांनी पुन्हा टिपून घेतलं. मला वाटलं होतं, मी ती बाजी मारली.

तपासणीत बालपणीचा पुरावा लागतो, आणि तो आईकडून. लक्षणं लहानपणापासून हवीत, चाळिशीत उगवलेली चालत नाहीत, असा नियम आहे आणि तो मला पटतो. आईला धुळ्याहून फोनवर घेतलं. आई अहिराणीत बोलते. मॅडम सदाशिव पेठेच्या. शेवटी भाषांतर करायला मीच बसलो. ज्याचं लेखापरीक्षण तोच दुभाषी! असा प्रकार कुठल्या सोसायटीत दिसला असता तर मी लाल शाईने अर्धं पान भरलं असतं.

"लहानपणी इतर मुलांत खेळायचा का?" मॅडमनी विचारलं.

आई म्हणाली, "पोरगं गरीब व्हतं. सरकीना ढिगापाशी बठे, एक एक बी मोजे."

मी भाषांतर केलं: सरकीच्या ढिगाजवळ बसून एकेक बी मोजायचा.

"किती वेळ?"

"सांज व्हईपर्यंत. त्याले काय व्हयेल शे? त्याना बाप बी असाच व्हता. आमना घरमा समदा असाच शेतस!"

आमच्या घरात सगळे असेच आहेत. हे भाषांतर करताना माझा ऊर भरून आला. याहून भक्कम बचाव कुठला असणार? आणि ते खरंच आहे. आमचे भुसावळचे आप्पा. तिथल्या जंक्शनवर कुठली गाडी कधी लागते हे लोक चौकशीच्या खिडकीआधी आप्पांना विचारायचे. रेल्वेत ते कधीच नोकरीला नव्हते. पारोळ्याचे नाना ताटात वरण आणि भाजी एकमेकांना टेकली तर ताटावरून उठायचे. म्हणून काकूने त्यांना कप्प्यांचं ताट आणलं, आणि मग ते त्या ताटाशिवाय कुठल्याच पंगतीला बसेनात. लग्नाची पत्रिका आली की आधी पिशवीत ताट जायचं. अमळनेरच्या आत्याला बांगड्यांचा आवाज सहन व्हायचा नाही. भर तारुण्यात तिने एकेकच बांगडी घातली आणि सासूशी त्यावरून अबोला धरला. सासू गेली तेव्हाच तो सुटला. यांच्यात मी वाढलो. मला कुणी 'तू वेगळा' म्हणालं नाही, कारण आमच्या ओसरीवर वेगळा होता तो दूध घालायला येणारा हसरा माणूस. सगळ्यांच्या डोळ्यांत बघून बोलायचा. आम्हाला त्याची काळजी वाटायची.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "१९७७ मध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या होत्या. ऑटिझम घराण्यातून येतो हे तेव्हापासून दिसत आलंय. २०१९ मध्ये पाच देशांच्या नोंदींवरून अभ्यास झाला, त्यात आनुवंशिकतेचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या आसपास निघाला. तुम्ही मला तुमच्या विरुद्धचा पुरावा देताय." माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्यांनी निम्म्या मिनिटात पलीकडच्या बाजूला जमा करून टाकला. नमुना तपासणीत आम्ही नव्या पोरांना पहिला धडा हाच देतो: पोतं कसं आहे हे कळायला त्याच पोत्यातले दाणे पोत्याशी ताडून काही उपयोग नाही. आणि मी जन्मभर आप्पा आणि नाना यांच्याशी ताडून स्वतःला साधा ठरवत आलो होतो.

पण माझ्या शंकेचा खरा मुद्दा भूगोलाचा आहे. तपासणी पुण्यात झाली, हीच मुळात पद्धतीची चूक. 'अति स्पष्ट बोलणे' असं अहवालात लिहिलंय. आमच्याकडे त्याला बोलणं म्हणतात. 'आवाजाची पातळी प्रसंगानुरूप बदलत नाही'. अहो, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय असलेल्या मुलखात पातळी एकच असते. 'सूचक बोलण्याचा अर्थ शब्दशः घेतो'. इथे मात्र मी अडखळलो. खान्देशात 'जेवून जा' म्हणजे जेवूनच जायचं असतं. नाही म्हटलं तर चपला लपवतात. पण जळगावात 'आलोच पाच मिनिटांत' म्हणणाऱ्या माणसाची वाट बघत काव्यरत्नावली चौकात मी किती उन्हाळे उभा राहिलो आहे! माझ्यासोबत दुसरं कुणी उभं नसायचं. बाकीच्या खान्देशाला ते वाक्य कसं वाचायचं हे कुणी आणि कधी शिकवलं? त्या दिवशी मी गैरहजर होतो का? हा मुद्दा भूगोलात बसेना, म्हणून मी तो तूर्त प्रलंबित ठेवला आहे.

मित्रांनी मला मदत करायची ठरवली. एकाने 'माय नेम इज खान' पाहिला होता, दुसऱ्याने 'रेन मॅन'. नवी पेठेत चहाला बसलो असताना त्यांनी तिथल्या तिथे परीक्षा घेतली. "बोल, २०४१ ची आखाजी कोणत्या वारी?" मला सांगता येईना. "मग नाही तुला ते," एकाने निकाल दिला. दुसरा म्हणाला, "ते लोक फार हुशार असतात ना भो? मग तुला कसा?" मी यावर चिडलो नाही, कारण हाच आक्षेप माझ्याही वहीत होता, फक्त इतक्या नेमक्या शब्दांत नव्हता. बायकोला अहवालातलं 'स्तर १: आधाराची गरज' हे वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग एवढी वर्षं मी काय टाळ कुटतेय?" आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत सवयीने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ते दार ती माझ्यासाठी लावते हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस वाटायचं, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

लग्नांचं मात्र मला सांगायलाच हवं, कारण माझा सगळा संशय तिथे एकवटला होता. मी लग्नात उत्तम वागतो. आमच्याकडच्या लग्नाला दीड-दोन हजार माणूस सहज असतो आणि प्रत्येक माणूस कुणाचा तरी आबा, नाना, आप्पा, दादा नाहीतर जिभाऊ असतो. खरी नावं फक्त सातबाऱ्यावर. त्या गर्दीत मी हसतो, हात जोडतो, बोलतो. ऑटिझम असलेला माणूस हे करेल का? मॅडमनी विचारलं, काय बोलता? मी सांगितलं की दोन वाक्यं पुरतात. पावसाळ्यात 'पाऊस काय म्हणतो तुमच्याकडे?' आणि दिवाळीनंतर 'कापसाला काय भाव?' पुढचा अर्धा तास समोरचा बोलतो. 'काय सांगता!' हे दर तिसऱ्या वाक्याला घालायचं. "हे कधी जमायला लागलं?" "जमलं नाही, पाठ केलं. आठवीत. मामा कसे बोलतात ते वहीत उतरवून." "आणि हळदीच्या रात्री डीजे लागतो तेव्हा?" "जनरेटरच्या मागे उभा राहतो. त्याचा आवाज मोठा असला तरी एकसारखा असतो." अहवालात या सगळ्याला दोन ओळी मिळाल्या आहेत. वरवर सगळं सुरळीत दाखवायला आत किती खर्च होतो ते ताळेबंदात दिसत नाही, अशा अर्थाच्या. लेखापरीक्षकाला ताळेबंदाची उपमा देणं हा मला थोडा अनुचित दबाव वाटला.

याच काळात एका कामासाठी धुळ्याला गेलो आणि राजवाडे संशोधन मंडळात डोकावलो. धुळं मला लहानपणापासून आवडतं, कारण तिथल्या जुन्या पेठेतल्या गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार म्हणजे चार. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने खान्देशाचं ठाणं तिथे आणलं आणि शहराची नवी आखणी झाली. आणि शेवटी इतिहासाचार्य वि. का. राजवाडेही याच गावात विसावले. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड. त्यासाठी गावोगाव पायपीट. बायको गेल्यावर पुन्हा संसार नाही. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि त्याच मंडळींशी पुढे बिनसलं. मला बसल्या जागी मोह झाला. मनातल्या मनात मी त्यांना पन्नास विधानं घातलीसुद्धा आणि चाळिशीच्या वर गुण दिले. मग लक्षात आलं, की राजवाड्यांनी पुराव्यावाचून निष्कर्ष काढणाऱ्यांचं जे केलं, ते माझं झालं असतं. मेलेल्या माणसाचं निदान करणं सोपं. तो आईला फोन लावून देत नाही. ते ३१ डिसेंबर १९२६ रोजी गेले. ३१ मार्च असती तर मी मात्र काहीतरी अर्थ काढलाच असता.

एक शंका अशी आहे की तिच्यावर मला विनोद सुचत नाही. भाच्याच्या प्रमाणपत्रासाठी रांगेत बसलो होतो. शेजारी साक्रीकडची एक बाई, मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा, एक शब्दही न बोलणारा, सतत स्वतःचा हात चावणारा. तिने मला विचारलं, "तुमना कोन?" मी भाच्याकडे बोट दाखवलं. स्वतःकडे दाखवायची हिंमत झाली नाही. तिच्यासमोर माझा 'स्तर १' म्हणजे चांगल्या बागायतदाराने दुष्काळाची मदत उचलण्यासारखं वाटलं. नंतर मॅडमना हे सांगितलं. त्यांनी मला समजावलं नाही, कायदा सांगितला, आणि माझ्याशी तसंच बोलायला हवं होतं. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तो आला. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले आणि तो त्यांत बसला. पण सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. "तुम्ही त्या बाईच्या वाट्याचं काही घेत नाही आहात," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला मिळण्यासारखं काहीच नाहीये."

हे ऐकून मला फार हलकं वाटलं.

शिवाय त्यामुळे एक जुना हिशेब लागला. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या भागात या गोष्टीला लेखाशीर्षच नव्हतं. लिओ कॅनरने बाल्टिमोरमध्ये ११ मुलांवर निबंध लिहिला तो १९४३ साली. मोठमोठ्याने बोलणाऱ्या, वरवर ठीक दिसणाऱ्या आमच्यासारख्यांकडे लॉर्ना विंगबाईंनी अ‍ॅस्पर्गरच्या नावाने लक्ष वेधलं १९८१ मध्ये. १९९४ मध्ये अमेरिकन निदानपुस्तकात त्याचं स्वतंत्र खातं उघडलं आणि २०१३ मध्ये ते मुख्य खात्यात विलीन केलं. खातं उघडून बंदही झालं आणि पारोळ्याच्या नानांना त्याचा पत्ता नाही. लेखाशीर्ष नसलेला खर्च कुठे टाकतात? किरकोळमध्ये. आमची दोन पिढ्यांची माणसं किरकोळमध्ये गेली: घुम्या, चक्रम, एककल्ली, अर्धवट. आत्याच्या नावापुढे काय लिहिलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरीही मी माझे आक्षेप लेखी दिलेच. अनुक्रमांक, मुद्दा, आधार, अपेक्षित खुलासा अशा चार रकान्यांत, सोबत परिशिष्टं. सहकार कायद्याच्या कलम ८२ खाली संस्थेने दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो, त्याच धर्तीवर मॅडमनी मुद्देनिहाय उत्तर द्यावं अशी विनंती केली. त्यांचं उत्तर आलं: आक्षेप मिळाले, मूळ फाइलला जोडले, निष्कर्षात बदल नाही, उलट परिशिष्ट 'क' वाचून राहिलीसाहिली शंका गेली. परिशिष्ट 'क' म्हणजे माझ्या लहानपणच्या सरकीच्या मोजणीचं, आईच्या आठवणीवरून केलेलं, महिनावार पत्रक.

मी ते उत्तर घेऊन ताईकडे गेलो. भाचा पंख्याखाली आडवा पडला होता.

"मामा, डॉक्टर म्हणाले तुला पण आहे?"

"म्हणतात. पण मला खात्री नाही."

"मला आहे," तो म्हणाला. "तू आमच्याकडे आला की पंखा तीनवरच ठेवतो. चारवर तो खरखर करतो. आईला ऐकू येत नाही ते."

मी विषय बदलावा म्हणून कागद दाखवला. त्याने वरून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, कलम ८२ म्हणजे काय. आजवर हे मला कुणी विचारलेलं नाही. संस्थेच्या चेअरमननेसुद्धा नाही. मी सांगितलं. लेखापरीक्षण ८१, दोषदुरुस्ती ८२. त्याने मध्ये 'काय सांगता' म्हटलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. वर पंख्याकडे बघत ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "मग ८३?"

"८३ म्हणजे निबंधकाची चौकशी."

"मग ८४?"

ताईने जेवायला तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आम्ही ८८ वर होतो.